साळूचा तंग

मार्गशीर्षातली सकाळ होती. भीमेवरून आलेलं धुकं उसाच्या फडावर अजून बसून होतं. मी नेहमीसारखं आमच्या साळू घोडीच्या पाठीवर खोगीर टाकलं, खाली वाकून पलीकडून लोंबणारा तंग, म्हणजे खोगीर आवळून धरणारा पट्टा, पोटाखालून ओढून घेतला, खोगिराचा पट्टा बक्कलात घातला आणि एका दमात तीन भोकं वर कसला. तेव्हा तिने मान वळवली आणि माझं कोपर दातांत धरलं. चावली नाही. स्वेटरच्या बाहीसकट नुसतं धरलं आणि तशीच उभी राहिली. तिच्या नाकपुड्यांतली गरम वाफ माझ्या मनगटावर येत होती. मी दचकले, कोपर सोडवून घेतलं आणि तिच्या तोंडावर एक चापट ठेवून दिली. "नखरे बंद!" असं ओरडलेही. साळूने कान मागे टाकले, मान सरळ केली आणि समोरच्या बाभळीकडे बघत राहिली. मी वर बसले, तासभर रपेट करून आलो, आणि परत येईपर्यंत मी ते विसरूनही गेले होते.

आठवलं ते तंग सोडताना. खोगीर उतरवल्यावर मी तिच्या पोटाखालचा घाम पुसत होते आणि डाव्या पुढच्या पायामागे, कोपराच्या अगदी लगत, फडकं अडखळलं. कातडीची एक वळी सुजून जाड झाली होती. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवरचे केस घासून गेले होते आणि आत गुलाबी, ओलसर कातडी दिसत होती. मी बोट टेकवलं मात्र, तिथली कातडी थरथरली. अंगावर बसलेली माशी उडवायला घोडा कातडी हलवतो ना, तशी. माशीचं वजन ज्या कातडीला कळतं तिच्यावर मी कितीतरी दिवस लोखंडी बक्कल दाबत होते, आणि तिने माझं धरलंही होतं ते कोपरच.

"कवाधरनं सांगतीया ती, ताई," अण्णा म्हणाले.

अण्णा दादाच्या शेतावर राहतात. धनगर माणूस, सत्तरीच्या पुढचा. आयुष्यातली चाळीसेक वर्षं मेंढरांमागे आणि बिऱ्हाड लादलेल्या घोड्यांमागे चालण्यात गेलेली. साळू त्यांच्याच पाहुण्यांकडून आली, चार वर्षांची होती तेव्हा. भीमथडी जातीची, कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, जेमतेम तेरा हात उंचीची (घोडा मोजायचा हात चार इंचांचा). या घोड्यांच्या पाठीवर मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरी वाड्याचं सगळं बिऱ्हाड चालतं: भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, कधी नुकतंच जन्मलेलं कोकरू. उंचीने लहान, पोटाने पिंपासारखे गोल, आणि दिवसाला मैलच्या मैल न कुरकुरता चालणारे. न कुरकुरता असं मीही म्हणत आले. अण्णांनी मात्र त्या दिवशी बोटांवर मोजून दाखवलं. खोगीर दिसलं की ती शेपूट आपटते. खोगिराखालचा नमदा टाकला की पोट आकसते. तंगाला हात घातला की मागचा डावा पाय जरासा उचलते. "आन् तुमी म्हंता, अंगातच खोड हाय." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

मी हे सगळं बघितलेलं होतं, आणि ते मला बोचतं. माझ्या डोळ्यांसमोरच होतं सगळं, आणि त्यासाठी माझ्याकडे एक तयार शब्द होता. घोडी पोट फुगवते, लबाड आहे, तंग सैल राहावा म्हणून श्वास रोखते. घोड्यावर बसायला शिकताना पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं. गुडघा पोटाला लाव, ती श्वास सोडेल, मग चटकन कस. घोड्यांत वावरणारी किती चांगली माणसं अजूनही हे सांगतात. पण दुखणार हे माहीत असलं की आपणही अंग आवळून धरतो. इंजेक्शनची सुई समोर आली की दंड कसा कडक होतो. त्याला लबाडी कोण म्हणतं?

तंग हा शब्द आपण घोड्याकडून घेतला की घोड्यासाठी वापरला, कोण जाणे. फारसीत त्याचा अर्थ अरुंद, आवळलेलं, आणि घोड्याच्या पोटाचा पट्टाही. मराठीत तो पट्टा म्हणूनही आला आणि आपली अवस्थाही झाला. हात तंग असतो, वातावरण तंग असतं, पोरं तंग करून सोडतात. आपल्या भाषेत पागेतलं किती सामान येऊन पडलंय! बिबट्या 'जेरबंद' झाल्याची बातमी वाचताना कुणाच्या मनात येत नाही की जेरबंद हा घोड्याची मान वर जाऊ नये म्हणून तंगापासून तोंडाकडे नेलेला पट्टा. निरुपयोगी भरण्याला आपण खोगीरभरती म्हणतो, पण ते खोगीर ज्याच्या पाठीवर बसतं त्याला विचारलं तर ती भरती कुठे जास्त झाली, कुठे गोळा झाली, हे तो नेमकं सांगेल. हे शब्द ज्यांनी रुजवले त्यांचा जीव घोड्यावर अवलंबून होता. त्यांच्यातल्या कुणाला तरी तंगाखालची ती वळी बोटाने चाचपायची सवय नक्की असणार.

त्या रात्री पुण्याला परतल्यावर मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर साळू नव्हती, आई होती.

आईच्या कमरेला एक काळपट वळ आहे. लहानपणी तिला पाठ चोळून देताना मी तो पाहायचे आणि तो अंगाचाच भाग आहे असं समजायचे, बेंबीसारखा. परकराच्या नाडीचा वळ. पहाटे पाचला आई अंघोळ करून यायची, दाराआड उभी राहून नाडीला दोन हिसके द्यायची, एक गाठ मारायची, वर साडी चोपून बसवायची, आणि रात्री साडेदहाला शेगडी पुसून झाल्यावर ती गाठ सुटायची. मधे धुणं, पाणी, शाळेची नोकरी, लोकलसारखी भरलेली एसटी, संध्याकाळचा स्वयंपाक. निऱ्या सुटू नयेत म्हणून नाडी घट्ट, आणि उन्हाळ्यात घामाने ती अजून घट्ट. तिथली कातडी आधी लाल व्हायची, मग खाजायची, मग काळी आणि जाड झाली. "दुखतं का गं?" असं मी एकदाच विचारलं होतं, सहावी-सातवीत असताना. "सवय झाली," असं तिने सांगितलं. पुढे मी कधी विचारलं नाही. खूप नंतर वाचनात आलं की धोतर रोज त्याच जागी घट्ट बांधल्याने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद मुंबईचे कर्करोग-संशोधक वसंत खानोलकर यांनी बी. सूर्याबाई यांच्यासोबत १९४५ सालीच करून ठेवली होती, आणि साडीच्या नाडीखालीही तसंच होऊ शकतं. ते वाचलं त्या दिवशी मी घाबरून आईला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. काही नव्हतं, मलम दिलं, नाडीऐवजी रुंद पट्टी लावा म्हणाले. सत्तर वर्षांच्या बाईच्या परकराला रुंद पट्टी लागली तेव्हा तिने आरशासमोर कमरेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगंबाई, श्वास घेता येतो की."

एकीने तक्रार केली नाही म्हणून मी विचारलं नाही. दुसरीने तक्रार केली तर मी तिला मारलं.

मग मी तंगाच्या मागे लागले. सुट्टी काढून शेतावर राहिले, मोजपट्टी घेतली आणि साळूला पहिल्यांदा नीट पाहिलं. घोड्याला आपल्यासारखं गळ्याजवळचं आडवं हाड नसतं. पुढचे दोन पाय धडाला सांध्याने जोडलेलेच नसतात, फक्त स्नायूंनी बांधलेले असतात, आणि त्या दोन पायांच्या मधे सगळा ऊर झोळीसारखा टांगलेला असतो. तंग बसतो तो नेमका त्या झोळीच्या कापडावर. पाय मागे आला की कोपर तंगाकडे येतं, पुढे गेला की कातडी ताणली जाते, आणि दर पावलाला हे होतं. २०१३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी तंगाखाली दाब मोजणारी पातळ चटई घालून घोडे चालवले. मधोमध, छातीच्या हाडावर दाब सगळ्यात जास्त असणार असं मला वाटलं असतं. तो निघाला कोपराच्या मागे. तिथे कापून मोकळा केलेला तंग लावला तेव्हा दाब उतरला आणि घोडे पायही जास्त पुढे टाकू लागले. साळूची जखम त्याच जागी होती. अण्णांनी हे संशोधन ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्यांना ते चटईशिवाय माहीत होतं.

मोजलं तेव्हा माझी चूक दिसली. खोगिराच्या एका बाजूच्या पट्ट्याच्या मधल्या भोकापासून पोटाखालून पलीकडच्या पट्ट्याच्या मधल्या भोकापर्यंत अंतर भरलं चव्वेचाळीस इंच. तिच्या अंगावर होता अडतीसचा. चार वर्षांची असताना घेतलेला, तेव्हा ती अंगाने निम्मी होती. आखूड तंगाची बक्कलं वर खोगिराच्या झापेखाली न जाता खाली राहतात, कोपराच्या मागे. त्यात तो नायलॉनचा. घाम जिरत नाही, वाळला की मीठ धरून पुठ्ठ्यासारखा होतो. शिवाय साळूच्या खांद्यांवरचा उंचवटा अगदीच बेताचा, पोट गोल, त्यामुळे खोगीर चालता चालता पुढे सरकायचं आणि ते सरकू नये म्हणून मी तंग अजून आवळायचे. निऱ्या सुटू नयेत म्हणून नाडी आवळावी तसाच. खरं तर तंग कितीही आवळा, चार पावलांत तो पोटाच्या सगळ्यात निमुळत्या जागी जाऊन बसतो आणि खोगिराला आपल्यामागे ओढतो. घोड्याची ती जागा कुठे आहे ते बघून खोगिराचे पट्टे त्याच्या सरळ वर येतील असं करायचं, किंवा मधला भाग पुढे वळवलेला तंग घ्यायचा म्हणजे पट्टे उभे राहतात. कसण्याने हा प्रश्न सुटत नाही. इतकी साधी गोष्ट मी पाच वर्षं समजून घेतली नव्हती.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेले. तापीकाठची ती यात्रा तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलेली असेल. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे आत वळलेले कान, ढोलावर नाचणारे पाय, धुळीत मिसळलेला लिदीचा आणि भज्यांचा वास. घोड्याच्या सामानाच्या पालांत मी अर्धा दिवस घालवला. गोंडे, घुंगरू, आरसे लावलेले, लाल-हिरवे तंग टांगलेले होते, नवरदेवाच्या घोड्याला शोभतील असे. मी प्रत्येक तंग उलटा करून आतली बाजू बघत होते, तर दुकानदार चक्रावला. "बाहेरून बघा ना ताई, काम बाहेरून आहे." आतून मात्र शिवणीची टोकं, रिबिटांची पाठ, दुमडलेलं रेक्झिन. एक निओप्रीनचा घेतला, रबरासारखा मऊ, धुवायला सोपा. तो चार दिवस वापरला. पाचव्या दिवशी त्याखालची कातडी भाजल्यासारखी गरम आणि ओलीचिंब लागली. थंडीतच ही गत. मग आमच्याकडच्या चैत्रात काय होईल? मेंढीच्या लोकरीचा एक कुणीतरी वापरायला दिला. लोकर छान, हात फिरवत राहावं अशी, पण एका रपेटीत तिने कुसळं आणि गोखरू असे काही उचलले की संध्याकाळी चिमट्याने काढत बसले. एका बाजूला रुंद इलॅस्टिक असलेलाही पाहिला. त्या बाजूने ताण पडतो, दुसऱ्या बाजूने पडत नाही, खोगीर तिरकं बसतं. आणि इलॅस्टिक ओढताना हाताला सोपं जातं म्हणून माणूस गरजेपेक्षा जास्त कसतो.

शेवटी कानपुरी चामड्याचा घेतला, जुन्या पद्धतीचा. मधे रुंद आणि किंचित पुढे वळलेला, कोपरांमागे दोन्ही बाजूंनी कापून निमुळता केलेला, दोन्ही टोकांना सारखं, अगदी थोडं इलॅस्टिक. चव्वेचाळीस इंच. बक्कलं थेट झापेखाली गेली. चामडं नवं म्हणून थोडं ताठ होतं. महिनाभर तेल देऊन, हाताने वाकवून ते मऊ केलं, आणि तोवर साळूच्या पाठीवर काहीच टाकलं नाही. जखम भरू दिली.

साळूला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी तंगाआधी तिच्या खाण्याबद्दल विचारलं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो. चरणारं जनावर, दिवसभर थोडंथोडं खाणारं, त्याच्यासाठी ते ठीक. मी तिला संध्याकाळी कडबा टाकायचे, तो नवापर्यंत संपायचा, रात्रभर गव्हाण रिकामी, आणि सकाळी उपाशीपोटी तंग कसून तिला दुडक्या चालीने न्यायचे. रिकाम्या जठरातलं आम्ल चालताना वर उसळतं, आणि जठराच्या वरच्या भागाला त्यापासून जपणारं आवरण नसतं. तिथे व्रण पडले असतील तर तंग कितीही मऊ असो, ती दात दाखवणारच. नळी घालून तपासायची सोय शेतावर नव्हती. डॉक्टर म्हणाले, आधी गव्हाण रिकामी ठेवू नका, आणि बसायच्या अर्धा तास आधी दोन मुठी लसूणघास घाला, त्यातल्या कॅल्शियमने आम्ल मवाळ होतं. त्या दिवसापासून अण्णा रात्री दहाला उठून एक पेंडी टाकतात. बॅटरी घेऊन जातात, तिच्याशी काहीतरी बोलतात. काय बोलतात ते मी विचारलेलं नाही.

आई शेतावर आली होती तेव्हा तिने नवा तंग हातात घेतला, मांडीवर ठेवला, आणि आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. "चांगला आहे. पण घाम कुठे जाणार याचा?" दुसऱ्या दिवशी तिने जुनं सुती लुगडं फाडलं, आजीचं, शंभरदा धुतलेलं, इतकं मऊ की हातात धरलेलं कळत नाही. त्याचे चार पदर घेऊन गोधडीसारखी बारीक धावदोऱ्याची एक खोळ शिवली. बाहेर उन्हात खाटेवर बसून, चष्मा नाकावर आणून. मी म्हटलं, कडेला मशीन मारून घेऊ, लवकर होईल. तर म्हणाली, "शिवण बाहेरच्या अंगाला घेते. आत आली तर टोचेल तिला." अशा दोन खोळी केल्या. एक अंगावर, एक दोरीवर. रोजच्या रोज धुवायच्या.

आता तंग बांधायला मला दहा मिनिटं लागतात. पहिल्या भोकावर नुसता टेकवायचा, खोगीर हलणार नाही इतकाच. मग तिला हाताने धरून गोठ्याभोवती एक चक्कर. मग पलीकडच्या बाजूने एक भोक. मग पुढचा एकेक पाय उचलून, गुडघ्याखाली धरून हळूच पुढे ताणायचा, म्हणजे तंगाखाली अडकलेली वळी सुटते. मग पुन्हा एक भोक, आणि दोन बोटं खाली, दोन पायांच्या मधे, छातीच्या हाडावर घालून बघायचं. बाजूला बघून उपयोग नाही, तिथे बरगडीच्या बाकामुळे फसायला होतं. जखमेच्या जागी आता केस आलेत, पण पांढरे. दाबाने केसांची मुळं दुखावली की तसे येतात आणि तसेच राहतात. कुमैत अंगावर नाण्याएवढा पांढरा ठिपका. खरारा करताना रोज हाताखाली येतो.

गेल्या रविवारी आई खाटेवर बसून बघत होती. मी दुसऱ्या भोकाला हात घातला आणि साळूने मान वळवली. कान मागे नव्हते, दातही दिसत नव्हते. नुसती वळून बघत राहिली, माझ्या कोपराकडे. मी थांबले. तंग चाचपला, खोळ सरळ होती, वळी नव्हती, गव्हाणीत कडबा होता. कारण सापडेना.

"आणखी सैल कर," आई म्हणाली.

"याहून सैल केला तर खोगीर सरकेल, आई."

"मग आज नको बसूस."

मी बक्कल सोडलं. खोगीर उतरवून कठड्यावर ठेवलं, साळूच्या गळ्यात नुसता दोर घातला. आई उठली, पदर खोचला, चपला पायात सरकवल्या, आणि आम्ही तिघी बांधावरून नदीकडे चालत निघालो.